लातूरचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: आधी दोष शोधतात, मग पैसे सांगतात

लॅपटॉपचा कीबोर्ड बंद पडला, आता लातुरात कुठं जावं, असं कुणी विचारलं की मी हाच पत्ता सांगते. गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात त्यातल्या एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. पाटी लहान आहे, खालून पटकन दिसत नाही. पण इथं माझं काम ज्या पद्धतीनं झालं ती पद्धत मला फार आवडली, आणि दुसऱ्यांनाही ती माहीत असावी म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझं औशाला तहसीलसमोर टायपिंगचं आणि ऑनलाइन अर्जांचं केंद्र आहे. शपथपत्रं, वारसाचे अर्ज, वाटणीपत्रांचे मसुदे, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, शेतकऱ्यांचे पीकविम्याचे फॉर्म. दिवसभर बोटं कीबोर्डवर असतात. माझ्यासारखीला कीबोर्ड बंद म्हणजे दुकान बंद.

मे महिना संपत आला होता, दहावी-बारावीच्या लेकरांची दाखल्यांसाठी गर्दी सुरू झाली होती. तेव्हा आधी फक्त चार बटणं गेली: ई, डी, सी आणि वरच्या ओळीतला तीनचा आकडा. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे कीबोर्डावर मराठी अक्षरं बसवायच्या ठरलेल्या मांडणीवर, मराठी टाइप करते. तिथं ई म्हणजे काना. डी म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं हलन्त. सी म्हणजे म. आणि शिफ्टसोबत तीन दाबलं की ‘प्र’मधला र लागतो. एवढं गेल्यावर मराठीत उरतं काय? ‘महाराष्ट्र शासन’ टाइप केलं की पडद्यावर ‘हरषट शसन’ यायचं. ‘प्रतिज्ञापत्र’चं ‘पतिज्ञपत्र’ व्हायचं. समोर बाकावर म्हातारी माणसं अर्ज घेऊन बसलेली, आणि पडद्यावर हे असं.

मधेच ही बटणं चालायची. लॅपटॉप उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला की थोडा वेळ परत यायची, मग पुन्हा जायची. आणि एका सकाळी अख्खा कीबोर्डच गप्प झाला. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना. पडदा लागत होता, टचपॅडवरून बाण फिरत होता, यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावला तर तोही चालत होता. चालू करायचं बटण माझ्या लॅपटॉपला कडेला वेगळं आहे म्हणून निदान तो सुरू तरी करता येत होता. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते बटण कीबोर्डातच असतं, अशांचा कीबोर्ड गेला की लॅपटॉप सुरू करायचीही पंचाईत होते.

घरच्या घरी करून बघण्यासारखं सगळं मी केलं होतं. लॅपटॉप ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ केला, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नुसत्या शट डाउननं विंडोज पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टनं मात्र नव्यानं सुरू होतं. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडून माउसनं पासवर्ड टाकता येतो, तसा टाकून आत गेले. ‘फिल्टर कीज’ बंदच होतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं तर ते आपोआप चालू होऊ शकतं आणि मग बटण हलकेच दाबलेलं लॅपटॉप मोजतच नाही, म्हणून तेही तपासलं. डिव्हाइस मॅनेजरमधून (लॅपटॉपच्या भागांची विंडोजमधली यादी) कीबोर्ड काढून टाकून पुन्हा रीस्टार्टही केलं. तिथं लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बहुधा ‘स्टँडर्ड पीएस/२ कीबोर्ड’ नावानं दिसतो आणि काढला तरी रीस्टार्ट झाल्यावर विंडोज तो परत ओळखून घेतं. माझ्याकडं कशानंच फरक पडला नाही.

मग लातूरला निघाले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जाण्यायेण्याचा खर्च फार नाही, पण केंद्र बंद ठेवून जावं लागतं, ते नुकसान मोठं.

आधी ज्या दुकानात गेले त्याचं नाव घेत नाही. तिथल्या मुलानं लॅपटॉप उघडला, पाच-सहा बटणं दाबली आणि म्हणाला, “कीबोर्ड गेलाय मॅडम, पॅनलसकट बदलावा लागतो. साडेसहा हजार. आणि पासवर्ड लिहून ठेवा.” मागचा एक स्क्रूसुद्धा काढून बघितला नाही. कशामुळं गेला विचारलं तर म्हणाला, “जातात असेच.” माझ्या लॅपटॉपमध्ये शेकडो लोकांच्या आधार कार्डांच्या, सातबाऱ्यांच्या, बँक पासबुकांच्या स्कॅन कॉपी असतात. तो मी असा पासवर्ड चिकटवून कुणाच्याही कपाटात ठेवून येणार नाही. बॅग उचलून खाली उतरले.

हे दुकान मला एका ओळखीच्या शिक्षिकेनं सांगितलं होतं. आत गेल्या गेल्या काउंटरवर एक छापील कागद दिसतो: तपासणी फी तीनशे रुपये, काम इथं केलं तर बिलातून वजा. मला हे पटलं. माणूस वेळ घालवून डोकं लावून दोष शोधणार, त्याचे पैसे त्यानं उघड सांगून घ्यावेत. फुकट तपासणी म्हणणारे ते पैसे नको असलेल्या पार्टमधून काढतात. काउंटरच्या मागं काचेचं टेबल, त्यावर निळं रबरी मॅट, मनगटाला बांधायचा पट्टा, भिंगाचा दिवा. टेबल गिऱ्हाइकाला दिसेल असं ठेवलंय, आडपडदा नाही.

दुकानाचे मालक साधारण माझ्याच वयाचे असतील. लॅपटॉप हातात घ्यायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. काही सांडलं होतं का? पडला होता का? एकदम बंद झाला की हळूहळू? आधी कुठली बटणं गेली? मी चार बटणं सांगितली तशी त्यांनी ती कागदावर उभी लिहिली, एकाखाली एक: ३, ई, डी, सी. “ताई, ही चारी कीबोर्डावरबी एकाखाली एकच हायत, बघा,” म्हणाले. आणि खरंच, थोडी तिरकी, पण एका रेषेत. इतके दिवस मी त्या बटणांकडं अक्षरं म्हणूनच बघत होते, जागा म्हणून बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी जे समजावलं ते जसं कळलं तसं लिहिते. लॅपटॉपच्या कीबोर्डाला ऐंशी-नव्वद बटणं असली तरी तेवढ्या वेगळ्या तारा नसतात. बटणांच्या खाली प्लॅस्टिकच्या पातळ चकत्यांचे थर असतात, त्यावर छापलेल्या उभ्या आणि आडव्या रेषा असतात, सगळ्या मिळून पंचवीस-तीस. उभी रेष आणि आडवी रेष जिथं एकमेकींवर येते तिथं एक बटण. बटण दाबलं की त्या दोन रेषा एकमेकींना टेकतात आणि आतली चिप ओळखते की अमुक बटण दाबलंय. त्यामुळं एक रेष तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. ३, ई, डी, सी ही बऱ्याच कीबोर्डांत एकाच रेषेवर येतात. या सगळ्या रेषा शेवटी एका चपट्या पट्टीतून बाहेर येतात. ते तिला ‘रिबन’ म्हणतात. ही रिबन मदरबोर्डावरच्या एका बारक्या सॉकेटात बसते.

“आता दोष तीन ठिकाणी असू शकतो,” ते म्हणाले. “विंडोजमधी, कीबोर्डात, नाहीतर कीबोर्ड आन बोर्ड यांच्या मधी. आधी विंडोज बाजूला काढू.”

त्यांनी बाहेरचा कीबोर्ड लावला, लॅपटॉप सुरू होतानाच एफ-टू दाबून बायोस (विंडोजच्या आधी येणारा लॅपटॉपचा स्वतःचा सेटिंगचा पडदा) उघडलं आणि मग तो बाहेरचा कीबोर्ड काढून घेतला. (कुठल्या कंपनीत एफ-टू, कुठं डिलीट, कुठं एफ-टेन किंवा एस्केप असतं.) मग मला म्हणाले, तुम्हीच बाण दाबा. मी लॅपटॉपवरचा खालचा बाण दाबला. पडद्यावरची निवडीची पट्टी हलली नाही. पुन्हा दाबला, नाही. “इथं विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. इथं बटण चाललं असतं तर मी तुमचा लॅपटॉप उघडलाच नसता, नुसतं सॉफ्टवेअर बघितलं असतं.” बायोसमध्ये चालतो आणि विंडोजमध्ये चालत नाही, तर दोष ड्रायव्हरचा किंवा सेटिंगचा. बायोसमध्येही चालत नाही, तर स्क्रू काढायची वेळ आली. एवढी साधी परीक्षा, दोन मिनिटांची, तीही पासवर्ड न मागता. आधीच्या दुकानात ती का केली नाही, याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर त्यांनी लॅपटॉप बंद करून काचेच्या टेबलावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. लॅपटॉप डुगडुगला. चारी पाय टेबलाला टेकत नव्हते. मग टचपॅड दाबून बघायला सांगितलं. खरंच, महिन्याभरापासून टचपॅडचं क्लिक कडक लागत होतं, पण मला ते धुळीमुळं वाटलं होतं. “बॅटरी फुगलीया बहुतेक,” म्हणाले. “उघडू का?” विचारून, मी हो म्हटल्यावरच स्क्रू काढायला घेतले.

स्क्रू काढताना ते लहान-मोठे सगळे मॅटवर त्याच आकारात मांडत गेले, म्हणजे ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात परत जाईल. लांब स्क्रू चुकून आखूड जागी बसवला तर तो वरच्या बाजूला टोचून कीबोर्डाला नाहीतर बोर्डाला इजा करतो, असं त्यांनी मदतीच्या पोराला सांगितलं, ते मी ऐकलं. मागचं झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं कडेकडेनं सोडवलं आणि उचललं.

आत तीन काळ्या पिशव्यांची बॅटरी होती. दोन सपाट, मधली टम्म फुगलेली, वरचा कागद ताणून चकचकीत झालेला. कीबोर्डाची रिबन तिच्याच कडेवरून बोर्डाकडं जात होती. बॅटरी फुगत गेली तशी तिनं रिबन खालून उचलून ओढली होती. भिंगाच्या दिव्याखाली त्यांनी मला सॉकेट दाखवलं: रिबन एका बाजूनं तिरकी बाहेर आलेली, आणि तिला दाबून धरणारी काळी कडी अर्धवट उघडलेली. एका कडेचा टाका आधी सुटला म्हणून आधी एक रेष गेली, म्हणजे ती चार बटणं. ओढ वाढली तशी बाकीची सुटली. लॅपटॉप उचलून ठेवला की बटणं मधेच परत यायची तेही यामुळंच. मी इतके दिवस जे भोगलं ते सगळं त्या बोटभर जागेत समोर दिसत होतं. मला फार बरं वाटलं. कारण कळलं की मन शांत होतं.

आधी त्यांनी बॅटरीचा जोड बोर्डापासून सोडवला, मगच बाकी कशाला हात लावला. बॅटरी सोडवताना धातूचं काहीच वापरलं नाही. खालचा चिकटपट्टा प्लॅस्टिकच्या कार्डानं हळूहळू सुटा केला. फुगलेल्या बॅटरीला भोक पडलं किंवा ती वाकली तर पेट घेऊ शकते, म्हणून ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, आणि घंटागाडीत तर मुळीच टाकायची नाही. त्यांनी ती बाहेरच्या गॅलरीत वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. अशा बॅटऱ्या साठल्या की ई-कचरा घेणाऱ्याकडं देतात म्हणाले. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे, पण आमच्या तालुक्याच्या गावी ते गोळा करायला येतं कोण? निदान या दुकानात ती कचऱ्याच्या ढिगात जात नाही.

मग रिबन पूर्ण बाहेर काढली. तिच्या टोकाला जी उघडी टोकं असतात ती काळपट पडली होती. कापसाच्या काडीला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून एकाच दिशेनं पुसली, सुकू दिली, सॉकेटात सरळ बसवली आणि नखानं कडी खाली दाबली. बारीक टक्क असा आवाज आला. बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर लॅपटॉप सुरू केला. बायोसमध्ये खालचा बाण दाबला आणि पट्टी खाली सरकली. विंडोज सुरू झाल्यावर पासवर्ड मी स्वतः टाकला, ते तोवर दुसरीकडं तोंड करून उभे होते. वर्ड उघडून मी माझ्या रोजच्या शपथपत्राचा मायना टाइप केला, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत. एकही काना सुटला नाही.

म्हणजे साडेसहा हजारांचा पॅनल बदलायची गरजच नव्हती. आणि समजा मी तो बदलून घेतला असता, तरी फुगलेली बॅटरी आत तशीच राहिली असती आणि नव्या कीबोर्डाची रिबनही तिनं ओढून काढली असती. त्याहून वाईट म्हणजे ती बॅटरी माझ्या केंद्रात, कागदाच्या गठ्ठ्यांच्या शेजारी, रोज चार्जिंगला लागली असती. हे मनात येतं तेव्हा आजही धस्स होतं.

बॅटरी का फुगली, हेही मी विचारलं. लिथियमच्या बॅटरीचे दोन शत्रू, म्हणाले: उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज. आमच्याकडं दोन्ही आहे. केंद्रावर पत्रा आहे, मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या उन्हात तो तापतो. लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून चार्जर दिवसभर लावलेलाच असतो. अशानं आतलं रसायन लवकर बिघडतं, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. त्यांनी बायोसमध्ये जाऊन चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सेटिंग लावून दिली. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ती असते, कुठं बायोसमध्ये, कुठं कंपनीच्या ॲपमध्ये. लॅपटॉपखाली हवा खेळती राहावी म्हणून मागची बाजू थोडी उचलून ठेवायला सांगितलं. मी आता लाकडाची एक पट्टी लावते.

नवी बॅटरी हैदराबादहून मागवावी लागली. तोपर्यंत लॅपटॉप चार्जरवर चालवायला घरी नेऊ दिला, अडकवून ठेवला नाही. लाइट गेली की बंद पडायचा, म्हणून इन्व्हर्टरवर जोडून काम केलं. बॅटरी आली तशी जाऊन बसवून घेतली. बॅटरीचे २,४०० आणि मजुरीचे ४००, तपासणीचे तीनशे त्यातच वजा.

थांबलेल्या वेळात शेजारच्या गिऱ्हाइकांची कामं बघायला मिळाली, आणि त्यावरून माझा विश्वास जास्त बसला. एका झेडपी शाळेच्या सरांची तक्रार होती की जे, के, एल दाबलं की १, २, ३ उमटतं आणि यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६. लहान कीबोर्डावर नम लॉक लागलं की उजव्या हाताची काही अक्षरं आकडे होतात. एफएनसोबत नम लॉक दाबून बंद करून दिलं. पैसे घेतले नाहीत. सर देत होते तरी घेतले नाहीत.

नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी लातुरात राहणारा एक मुलगा आला होता, चहा सांडलेला लॅपटॉप घेऊन. त्याचा कीबोर्ड बायोसमध्येही चालेना, रिबन काढून साफ करूनही चालेना, आणि पडद्यावर एक अक्षर आपोआप उमटत राहायचं. चकत्यांच्या थरांमध्ये साखरेचा चहा गेला की त्या रेषा एकमेकींना चिकटतात किंवा गंजतात, त्या धुऊन परत बसवणं टिकत नाही. इथं कीबोर्ड बदलणं हाच उपाय होता, आणि मालकांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण पुढं त्यांनी जे सांगितलं ते दुसरं कुणी सांगत नाही. त्या लॅपटॉपचा कीबोर्ड वरच्या पॅनलला प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या टाक्यांनी जोडलेला होता. नुसता कीबोर्ड बदलायचा तर ते टाके तोडून नवा बसवावा लागतो, स्वस्त पडतो, पण मधली बटणं दाबताना थोडी मऊ लागू शकतात. अख्खा पॅनल बदलला तर मूळच्यासारखं घट्ट बसतं, पण पैसे जास्त. दोन्हीचे दर कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, “घरी फोन लावून विचार, मग सांग.” पोराला घाईत पाडलं नाही. शिवाय त्याला बजावलं की पुन्हा कधी काही सांडलं तर तपासत बसू नको, चार्जर काढ, चालू करायचं बटण दाबून धरून लगेच बंद कर, उलटा करून ठेव आणि सुरू न करता घेऊन ये. पाण्यापेक्षा चालू वीज जास्त नुकसान करते.

एका बाईंचा लॅपटॉप पूर्ण मागं वळवता येणारा होता. तसल्या लॅपटॉपमध्ये पडदा मागं वळवला की कीबोर्ड मुद्दाम बंद होतो, टॅब्लेटसारखा वापरताना चुकून बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून. त्यांचा पडदा सरळ केला तरी कीबोर्ड बंदच राहत होता. तो सेन्सरचा दोष निघाला. तिथं थांबायला मला वेळ नव्हता, पुढं काय झालं ते माहीत नाही.

आता उणिवा. बॅटरी कंपनीची मूळ नाही, कंपॅटिबल आहे, म्हणजे दुसऱ्याची पण याच लॅपटॉपला बसणारी. हे त्यांनी आधी सांगितलं, लपवलं नाही, पण मूळ बॅटरी हवी असेल तर इथं मिळण्याची खात्री नाही. सहा महिन्यांची वॉरंटी आहे. बिल मात्र मागितल्याशिवाय मिळालं नाही, ही गोष्ट मला अजिबात पटली नाही. एवढं चोख काम करणाऱ्या माणसानं बिल आपणहून द्यावं. बिलावर वॉरंटी लिहून, शिक्का मारून घ्या. उद्या काही वाद झाला आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची वेळ आली तर तोंडी बोलणं कामाला येत नाही.

फोन उचलत नाहीत. काम करताना हात रिकामे नसतात हे मान्य, पण औसा, निलंगा, रेणापूरहून येणाऱ्या माणसाला ‘बॅटरी आली का’ एवढं विचारायला तरी सोय पाहिजे. व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकला असता तर माझी एक फेरी वाचली असती. दुपारी जेवणाच्या वेळी दुकान बंद असतं आणि ते पाटीवर लिहिलेलं नाही. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसानं दुसऱ्या कुणाला पाठवावं. बसायला दोनच स्टूल आहेत.

कामाचा टिकाऊपणा सांगायचा तर त्यानंतर जुलैतली पीकविम्याची गर्दी त्याच कीबोर्डावर पार पडली, रात्री उशिरापर्यंत, आणि एकही बटण अडकलं नाही. टचपॅडचं क्लिक पुन्हा हलकं झालंय. बॅटरीनं आतून ढकलल्यामुळं हाताचा तळवा टेकतो त्या जागी लॅपटॉपची बॉडी किंचित उचललेली राहिली आहे. ती पूर्ण बसणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

जाणार असाल तर चार्जर सोबत घेऊन जा, त्याशिवाय बॅटरी काढून तपासणी करता येत नाही. जमलं तर महत्त्वाच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्या. आधी कुठली बटणं गेली, कोणत्या क्रमानं गेली, ते एका कागदावर लिहून न्या, त्यांना त्यावरूनच निम्मं कळतं. आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल किंवा टचपॅड कडक झालं असेल, तर कीबोर्ड चालत असला तरी थांबू नका, चार्जिंग बंद करून तसाच घेऊन जा. सकाळी लवकर गेलं तर गर्दी कमी असते.